तीन कुलपांचा संगणक कक्ष

गोकुळ सरांनी शाळेतला एक माऊस पिशवीत घालून घरी नेला आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

आता मास्तर माणसानं शाळेचा खडू घरी नेला तर कुणी हूं की चूं करत नाही. डस्टर, पट्ट्या, सहामाहीच्या पेपरांची उरलेली कोरी पानं, हे सगळं पिढ्यानपिढ्या मास्तरांच्या घरी जात आलंय आणि त्यावर मास्तरांच्या पोरांची शिक्षणं झालीत. पण माऊस ही चीज कोरडेवाडीत नवी होती, आणि नव्या चिजेवर गावाचा डोळा असतो. त्यातून गोकुळ सर स्वभावानं मानी. खोटं खपवून घेणार नाहीत आणि खरं काय ते नीट सांगताही येणार नाही, अशी त्यांची तऱ्हा. अशा माणसानं शाळेची वस्तू घरी नेऊच नये.

कोरडेवाडी म्हणजे खुटबावकडून राहूला जाताना डाव्या हाताला, उसात गळ्यापर्यंत बुडालेलं गाव. शाळा बारावीपर्यंत, दोन गटांनी मिळून काढलेली आणि दोन्ही गटांनी मिळून नासवलेली. २००४च्या जुलैत रांजणगावच्या एका कंपनीनं आपले वापरून झालेले आठ कॉम्प्युटर या शाळेला दिले. टेम्पो आला, हार घालून झाले, आणि कंपनीच्या इंजिनिअरनं जाताना भिंतीवर एक कागद चिकटवला. त्यावर सुरक्षिततेचे चार नियम होते. कक्ष वापरात नसताना बंद ठेवावा. इंटरनेट जोडू नये. बाहेरची फ्लॉपी आत घालू नये. आणि सांगितल्याशिवाय कोणत्याही बटणाला हात लावू नये. कागद चांगला होता, शहाण्या माणसानं लिहिलेला होता. कोरडेवाडीनं त्यातला फक्त पहिला नियम बदलला, तोही थोडासाच. 'वापरात नसताना' एवढे दोन शब्द गाव विसरून गेलं.

कॉम्प्युटर शिकवायचं काम गणित-सायन्सच्या गोकुळ सरांकडं आलं, कारण दौंडला जाऊन तीन महिन्यांचा कोर्स केलेला गावात तो एकच माणूस. तो कोर्सही काय होता म्हणा! क्लासवाला सगळी मशीनं स्वतः चालू करून ठेवायचा आणि एका मशीनवर तीन-तीन माणसं बसवायचा. "मी सांगितल्याशिवाय कशाला हात लावू नका, नाहीतर बिघडलेलं तुमच्याकडून भरून घेईन," हे त्याचं पहिलं वाक्य आणि हेच शेवटचं. सरांच्या वाट्याला माऊस आला की त्यांचा हात थरथरायचा आणि पडद्यावरचा बाण भलतीकडंच पळायचा. एकदा तर शेजारची कॉलेजची पोरगी फिस्सकन हसली. ते हसू सरांच्या काळजात रुतून बसलं होतं. आपल्या वर्गात आपलीच पोरं असं हसली तर? म्हणून त्यांनी खोक्यातला एक माऊस काढला, घरी नेला, आणि चार दिवस अंथरुणाच्या घडीवर घासून हात बसवला. एवढंच त्यांचं पाप.

आता पूनमचं सांगायला पाहिजे, कारण हे सगळं तिच्यासाठीच चाललं होतं. पूनम बारावीत. तिचा बाप भैरू. त्याच्या बापाच्या काळी यांची मेंढरं पार घाट उतरून जायची. भैरूनं कळप कमी केला, कालव्याचं पाणी धरलं आणि चार एकर बागायत केली. पोरगी हुशार. गणितात असा हात की सरांनी फळ्यावर चूक केली तर ही मागून खाकरायची, बोलायची नाही. त्याच रांजणगावच्या कंपनीची एक योजना होती. दर एप्रिलात शिरूरला परीक्षा घ्यायची आणि दौंड-शिरूर दोन्ही तालुक्यांतून चार मुली निवडायच्या. दोन वर्षं शिक्षण, राहणं-जेवण कंपनीचं, पुढं नोकरी. परीक्षा एकच. समोर कॉम्प्युटर ठेवणार, तो चालू करायचा, इंग्रजीत अर्ज टाइप करायचा आणि फ्लॉपीवर साठवून द्यायचा. अर्धा तास.

इकडं पूनमसाठी भांडगावचं स्थळ येऊन बसलेलं. पोरगा बरा होता, घर बरं होतं, नकार द्यायला काही कारण नव्हतं. पूनमला फक्त ते नको होतं. ती आईजवळ, अनसाबाईजवळ, रडली. अनसाबाईनं सरांना निरोप धाडला. सर भैरूच्या वस्तीवर गेले.

"हे बगा सर," भैरू म्हणाला, "मला काय पोरगी जड झाली न्हाई. चार जणींत तिचं नाव आलं तर मी सोता तिची पेटी उचलून शिरूरला पोचवीन. पर न्हाई आलं तर वैशाखात बार उडवून टाकणार. पावण्याला किती दिवस लोंबकळत ठिवू? आन् तिला कॉम्प्युटर शिकवायचा जिम्मा कुणाचा?"

"माझा," सर म्हणाले, आणि छातीवर हात ठेवला. दारात उभी असलेली पूनम हसली. ते हसू सरांना दौंडच्या हसण्यापेक्षा फार दिवस पुरणार होतं.

तर तो माऊस. शाळेचा शिपाई म्हाळू हा मोजदादीचा माणूस. त्याला दुसरं काही येत नसे, पण मोजता यायचं. चौथ्या दिवशी त्यानं खोकी मोजली आणि शाळा समितीचे चेअरमन पोपटराव यांच्या कानावर घातलं. पडदे आठ, डबे आठ, कीबोर्ड आठ, माऊस सात. पोपटरावांनी ते हनुमंतआप्पांच्या कानावर जाऊ दिलं नाही, कारण हनुमंतआप्पा दुसऱ्या गटाचे आणि दोघांचं बोलणं सात वर्षं बंद. पण म्हाळूनं आप्पांनाही सांगून ठेवलं होतं. म्हाळू कुणावर अन्याय करत नसे.

दोन वर्षांपूर्वी शाळेचा टीव्ही गेला होता, त्याचा अजून पत्ता नव्हता. त्यामुळं गावाला हिशेब जुळवायला वेळ लागला नाही. समितीची मीटिंग भरली. हेडसर खाली मान घालून प्रोसिडिंग लिहायला बसले. हे हेडसर म्हणजे एक नमुना. त्यांची निवृत्ती तीन वर्षांवर आलेली, आणि तोवर आपल्या हातून काहीही घडू नये एवढीच त्यांची देवाकडं मागणी.

"मास्तर," हनुमंतआप्पा म्हणाले, "आज एक सुटा भाग भाईर गेला. उद्या एकेक करून समदंच जाईल. आमी फकस्त इचारतोय."

"विचारायलाच पायजे," पोपटराव भिंतीकडं बघून म्हणाले. सात वर्षांत दोघांचं एकमत झालेला हा पहिलाच विषय.

सरांचं तोंड लालबुंद झालं. नीट सांगितलं असतं की बाबांनो, माझा हात थरथरतो, मी सराव करायला नेला होता, तर लोक दोन मिनिटं हसले असते आणि चहा आला असता. पण ते सांगायचं कसं? हात थरथरतो हे कबूल करण्यापेक्षा सरांना चोर म्हटलेलं परवडलं. ते ताडकन उठले, पिशवीतून माऊस काढला आणि टेबलावर आपटला.

"घ्या तुमचा माऊस! आणि आजपासून माझ्याकडं त्या खोलीची किल्ली नको! म्हस्कोबाच्या दानपेटीला तीन कुलपं आहेत ना? तिन्ही पंच समोर असल्याशिवाय पेटी उघडत नाही ना? मग लावा तशीच इथं! एक चेअरमनसाहेबांचं, एक आप्पांचं, एक हेडसरांचं. तिघं समोर असतील तेव्हाच खोली उघडेल. बघू मग कोण कुणाला चोर म्हणतंय!"

मग टाळ्या पडल्या. गावाला असा चोख विचार फार दिवसांत कुणी दिला नव्हता. सर घरी जाताना छाती काढून चालत होते. म्हस्कोबाची दानपेटी वर्षातून एकदाच, यात्रेला उघडते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली ती वेशीपाशी.

कुलपं लावायची म्हटल्यावर वरचं कुणाचं हा प्रश्न आला. दाराला वर, मध्ये आणि खाली अशा तीन कड्या करायचं ठरलं होतं. वरची चेअरमनला, मधली हेडसरांना. हनुमंतआप्पा खवळले.

"म्हंजी मी खाली वाकून कुलूप काढायचं? पोपट्याच्या म्होरं वाकू व्हय मी?"

मग खालची पोपटरावांना द्यावी तर पोपटरावांची कंबर त्यांच्या मानेइतकीच ताठ. तीन आठवडे चर्चा झाली. शेवटी लोहारानं तोडगा काढला आणि लोखंडी दाराला छातीच्या उंचीवर तिन्ही कड्या एका ओळीत बसवल्या. तिन्ही कुलपं एकाच मेकची, एकाच मापाची. दार आता असं दिसायचं की आत कुणीतरी जन्मठेपेचा कैदी असावा. लोक मुद्दाम बघायला यायचे. राहूची दोन माणसं तर आपल्या पतपेढीला असंच करावं म्हणून माप घेऊन गेली.

आणि मग ती खोली उघडायला तीन माणसं एका वेळी एका जागी आणायची. वाचकहो, आपल्यापैकी ज्यांनी लग्नं जमवली असतील त्यांना अंदाज येईल. आप्पा येणार म्हटलं की पोपटराव विचारायचे, "त्ये आधी येणार का मी?" पोपटराव निघाले म्हणून कळलं की आप्पांच्या गुडघ्यात कळ यायची. दोघं आले तर हेडसर पंचायत समितीत दौंडला. पंधरा ऑगस्टला तिघं झेंड्यापाशी होते, तर किल्ली पोपटरावांच्या दुसऱ्या सदऱ्यात. गणपतीत तिघं किल्ल्यांसकट आले, कुलपं निघाली, पोरं रांगेत उभी राहिली, आणि लोडशेडिंग. तिघांनी अंधाऱ्या खोलीत दहा मिनिटं उभं राहून कॉम्प्युटरवरची फडकी बघितली आणि परत कुलपं लावली.

सर रोज शाळा सुटल्यावर सायकल काढायचे. आधी पोपटरावांच्या गोठ्यावर, मग आप्पांच्या वस्तीवर. सुरुवातीला हक्कानं बोलायचे. दिवाळीपर्यंत विनंती करू लागले. संक्रांतीला तर आप्पांच्या दारात नुसतेच बसून राहायचे, आणि आप्पा म्हणायचे, "मास्तर, तुमचीच तर आयडिया हुती. लई भारी आयडिया. एक सुई हाललेली न्हाई बगा."

पण पूनमला दिलेला शब्द होता. जिम्मा होता. कॉम्प्युटर आत होते तरी त्यांची रिकामी खोकी बाहेरच राहिली होती. सरांनी एका खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर स्केचपेननं कीबोर्ड काढला. अक्षरं, आकडे, लांबोडी पट्टी, सगळं मापात. माऊस म्हणून साबणाची अर्धी वडी. पडदा फळ्यावर काढला आणि त्यात कोपऱ्यात स्टार्ट वगैरे लिहिलं. बाकीच्या पोरांना दोन दिवसांत कंटाळा आला. पूनमला नाही आला.

तिनं तो पुठ्ठा घरी नेला. सकाळी चुलीपुढं भाकरी भाजून होईस्तोवर शेजारी पुठ्ठा. दुपारी बांधावर शेरडं चरायला सोडून मांडीवर पुठ्ठा. बोटं कुठली कुठं जातात ते डोळे मिटून यायला लागलं. टू द मॅनेजर, रिस्पेक्टेड सर, आय अॅम अ स्टुडंट ऑफ ट्वेल्थ स्टँडर्ड. पुठ्ठ्यावरची अक्षरं पुसली की ती स्केचपेन फिरवून पुन्हा गडद करायची. मार्चमध्ये तिनं सगळा अर्ज अकरा मिनिटांत पुरा केला. सरांनी घड्याळ लावून बघितलं.

"हे काय सर," भैरू एकदा म्हणाला, "पोरगी दिसभर पुठ्ठा बडवतीया. पुठ्ठा बडवून नोकरी मिळती व्हय?"

"खरा कॉम्प्युटर असाच असतो भैरू. फक्त अक्षरं वर पडद्यावर उमटतात."

"तुमी म्हणताय तर व्हय," भैरू म्हणाला. विश्वास टाकायचा तर पुरा टाकायचा, अशी त्या माणसाची रीत.

सर तिला तोंडी सगळं पाठ करून घेत. डब्याचं गोल बटण दाबायचं, हिरवा दिवा लागतो. माऊस डावीकडं खाली न्यायचा, टिचकी मारायची. आणि प्रत्येक वेळी शेवटी दौंडच्या क्लासवाल्याचं आणि भिंतीवरच्या कागदाचं ते वाक्य यायचंच. "सांगितल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. एक बटण चुकलं की सगळं बिघडतं. काय?"

"हात लावायचा न्हाई," पूनम म्हणायची.

सव्वीस जानेवारीला काय झालं ते मध्येच राहिलं. त्या दिवशी वीज होती, तिघं होते, तिन्ही किल्ल्या होत्या. सरांचे पाय धरणीला लागेनात. पोरांनी चपला बाहेर काढल्या, हातपाय धुतले. पूनम सगळ्यांत पुढं. तिचा पाय उंबऱ्यावर असतानाच पोपटराव म्हणाले, "थांबा. आजवर पूजा झाल्याली न्हाई मशनींची." नारळ आणला. तो पोपटरावांनी फोडायचा का आप्पांनी, यावर थोडं झालं, म्हणून दोन नारळ आणले. दोघांनी एकाच वेळी टेबलाच्या कडेवर हाणले. पाणी सरळ खालच्या विजेच्या बोर्डात. फट् झालं, निळा जाळ दिसला आणि धूर निघाला. पोरं ओरडत मैदानात पळाली. हेडसर सगळ्यांत पुढं.

"बगितलं?" आप्पा बाहेर येऊन म्हणाले. "किती डेंजर हाय ह्ये! लेकराबाळाचं काम न्हवं." समितीनं त्याच दिवशी ठराव केला. मुलांच्या सुरक्षिततेसाठी वार्षिक तपासणीपर्यंत कक्ष उघडू नये. बोर्ड मात्र वायरमन आणून लगेच बदलून घेतला, कारण तपासणी होती.

परीक्षेला आठ दिवस राहिले तेव्हा सरांना झोप येईनाशी झाली. पोरीनं एकदा, फक्त एकदा खरा कॉम्प्युटर बघायला पाहिजे. त्यांनी पोपटरावांचे पाय धरायचे बाकी ठेवले होते, तेही धरले. पोपटराव विरघळले आणि किल्ली हातात दिली. हेडसरांनी "मला काही माहीत नाही" असं म्हणत दिली. राहिले हनुमंतआप्पा. ते लेकीकडं पंढरपूरच्या बाजूला गेले होते, किल्ली कमरेच्या करदोट्याला. येणार परीक्षेनंतर दोन दिवसांनी.

भर दुपारी सर कक्षासमोर उभे राहिले. दोन कुलपं काढली. तिसरं तसंच. म्हाळूनं हातोडा आणून दिला. पूनम मागं उभी होती, पुठ्ठा छातीशी धरून.

सरांनी हातोडा उचलला. एक घाव, बस. साधं कुलूप, तुटलं असतं. तेवढ्यात रस्त्यावरून आप्पांचा पुतण्या मोटरसायकलवरून गेला आणि त्यानं गाडी हळू केली. नुसता बघत राहिला.

त्या एका बघण्यानं सरांना ती मीटिंग आठवली, टेबलावर आपटलेला माऊस आठवला. कुलूप फोडणारा मास्तर. आता मात्र चोर हे नाव कायमचं चिकटणार. पेन्शनीपर्यंत लोक पाठीमागं बोलणार. त्यांच्या हातातला हातोडा थरथरायला लागला. आणि देवा शपथ सांगतो, या माणसाला त्या क्षणी पोरीच्या जन्मापेक्षा स्वतःची अब्रू जड वाटली. मी त्यांना वाईट म्हणत नाही. आपण सगळ्यांनी तेच केलं असतं, म्हणून तर राग येतो.

"काय गरज नाही," ते म्हणाले. "तुला सगळं येतंय. पुठ्ठ्यावर अकरा मिनिटं, मग तिथं तर खरी बटणं असणार." आणि दोन्ही कुलपं परत लावली. पूनमनं मान हलवली. तिचा सरांवर बापासारखाच पुरा विश्वास होता.

एप्रिलात भैरू, पूनम आणि सर पारगावच्या पुलावरून न्हावऱ्यामार्गे शिरूरला गेले. अनसाबाईनं दशम्या बांधून दिल्या होत्या. परीक्षा एका हॉलमध्ये होती, काचेच्या खिडक्या. बाहेर पालक उभे. आत तीस मुली, तीस कॉम्प्युटर, आणि पडद्यांच्या पाठी खिडकीकडं. सर आणि भैरू नाक काचेला लावून बघत होते. परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी शिट्टी वाजवली.

पूनमनं वाकून डब्याचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, डबा कडेला आडवा असल्यानं तो बाहेरूनही दिसला. सरांनी भैरूचा दंड दाबला. मग तिनं पाठ ताठ केली, माऊस डावीकडं खाली नेला, टिचकी मारली. आणि बोटं सुरू झाली. अहो, काय ती बोटं! शेजारच्या मुली एकेक अक्षर शोधत होत्या, मान खाली, मान वर. ही समोर बघत होती आणि हात आपोआप चालत होते.

"पळतीया की ही!" भैरू म्हणाला.

"अकरा मिनिटं," सर घड्याळ बघत म्हणाले. नऊ महिने सायकल हाणली, दारोदार बसलो, त्याचं चीज झालं. त्यांनी मनातल्या मनात पोपटरावांना, आप्पांना, म्हाळूला, दौंडच्या क्लासवाल्यालासुद्धा माफ करून टाकलं.

बाराव्या मिनिटाला पूनमनं फ्लॉपी काढून समोर ठेवली, हात मांडीवर घेतले आणि शांत बसून राहिली. वेळ संपल्यावर मॅडम एकेकीपाशी येऊ लागल्या. पूनमपाशी थांबल्या. पडद्याकडं बघितलं, पूनमकडं बघितलं. मग पडद्याच्या खालचं एक बारकं बटण दाबलं. पडद्याचा निळा उजेड पूनमच्या तोंडावर पडला. मॅडमनी वाकून बघितलं आणि मान हलवली. नुसता निळा पडदा होता; टिचकी भलतीकडंच पडली होती, पान उघडलंच नव्हतं, एक अक्षर नव्हतं.

पडद्याला त्याचं स्वतःचं वेगळं बटण असतं. सरांना ते माहीत नव्हतं. दौंडला ते कायम चालूच असायचं.

परतीची एसटी न्हावऱ्यापर्यंत आली. मग सरांनी विचारलं, "अगं, पडदा काळा होता तर हात वर करायचा होतास."

"पुठ्ठ्यावर तरी कुठं काय उमटत हुतं सर," पूनम म्हणाली. "मला वाटलं, मागून उमटत असंल." खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "पडद्याखाली एक बटण दिसत हुतं. पर तुमीच म्हणला हुता, सांगितल्याबिगर हात लावायचा न्हाई."

भैरूनं दशम्यांचं फडकं सोडलं आणि पहिली दशमी सरांच्या हातात ठेवली. "खावा सर. तुमी लई केलं तिच्यासाठी. तिचंच नशीब." सरांना वाटलं यापेक्षा यानं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. त्यांनी दशमी खाल्ली.

लग्न वैशाखात, शाळेच्या मैदानात. गावातली सगळी लग्नं तिथंच होतात. मांडव पडला, जनरेटर आला. रुखवत, भांडी, कपाट, मिक्सर, नवा टीव्ही असा सगळा पसारा ट्रॅक्टरमधून उतरवला. ठेवायचा कुठं? मांडवात हजार माणूस.

"संगणक कक्ष हाय की!" पोपटराव म्हणाले. "त्येच्याइतकी शेफ जागा पंचक्रोशीत न्हाई."

"बराबर," हनुमंतआप्पा म्हणाले.

हेडसर जेवणाच्या पंगतीवरून उठून आले. तिघांनी किल्ल्या काढल्या. एकाच ओळीत उभं राहून, कुणी कुणापुढं न वाकता, तिन्ही कुलपं काढली. एवढ्याशा कामाला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सर मांडवाच्या खांबाला धरून बघत होते.

रुखवत कॉम्प्युटरवरच मांडलं. एका पडद्यावर करंज्यांचं ताट, एकावर लाडवांचा डोंगर. पाहुण्या बायकांचा घोळका बघून गेला आणि खोलीत जरा शांतता झाली तशी पूनम आली. हळदीची साडी, मुंडावळ्या, कोपरापर्यंत पिवळे हात. सर दारात उभे होते.

"सर," ती म्हणाली, "त्ये दुसरं बटण दावा की."

सरांनी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरचं ताट उचललं, फडकं काढलं, आणि बोटानं दाखवलं. जनरेटरची वीज होती. तिनं आधी डब्याचं बटण दाबलं, मग ते बारकं. पडदा उजळला. ती खुर्चीवर बसली, साडी सावरली. टिचकी, टिचकी. पांढरं पान उघडलं. आणि हळदीची बोटं चालू लागली. टू द मॅनेजर. रिस्पेक्टेड सर. तिनं पहिल्यांदा अक्षर उमटताना बघितलं, थांबली, परत एक उमटवलं. "उमटतंय," ती म्हणाली. एवढंच.

"नवरी कुठंय? गुरुजी खोळंबलेत!" बाहेर अनसाबाईची हाक आली.

पूनम उठली. "बंद करायचं मला पाठ हाय," ती म्हणाली, आणि जसं शिकवलं होतं तसं नीट बंद करून, फडकं सारखं करून ती गेली. संध्याकाळी सामान भांडगावला गेलं, आणि तिघांनी कुलपं लावली.

जूनमध्ये तपासणीला साहेब आले. तिन्ही कुलपं उघडली, धूळ झटकली. साहेब फार खूश झाले. त्यांनी शेऱ्यात लिहिलं की एवढा सुरक्षित कक्ष तालुक्यात दुसरा नाही, एकही वस्तू गहाळ नाही, कीबोर्डवरचं एकही अक्षर पुसलेलं नाही. चेअरमन आणि आप्पा दोघंही एका फोटोत उभे राहिले. मग साहेब कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी थांबले. बटणांवर पिवळे डाग होते, वाळून घट्ट बसलेले.

"हे काय आहे?"

हेडसरांचा चेहरा पडला. पोपटरावांनी म्हाळूकडं बघितलं. म्हाळूनं वर बघितलं.

"वापरलाय साहेब," गोकुळ सर म्हणाले. "एकदा."

साहेबांनी खिशातला रुमाल काढला, थुंकी लावली आणि पुसायला वाकले. तेव्हा गोकुळ सरांनी, भर समितीसमोर, साहेबांचा हात धरला. या खेपेला त्यांचा हात थरथरत नव्हता.